भीमाच्या खांद्यासाठी

भीमा बनसोडेला फसवणं मुळीच अवघड नाही. त्याच्याशी दोन शब्द नीट बोललं की झालं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी काढूनही हा माणूस इतका सरळ कसा राहिला याचं मला नवल वाटतं, आणि खरं सांगायचं तर रागही येतो. इंजिनातली खरखर त्याला रस्त्यापलीकडून ऐकू येते. माणसातली शेजारी बसूनही येत नाही.

होटगी रोडला माझं होज पाइपचं दुकान आहे. जेसीबी, ट्रॅक्टर, ऊसतोडणीची मशीनं, कुणाचाही तेलाचा पाइप फुटला की तो माझ्याकडे येतो. मी नवा पाइप कापतो आणि मशीनवर त्याची टोकं दाबून देतो. भीमा माझा जुना दोस्त. नोकरीत असताना एकदा गिअरबॉक्स उतरवताना त्याचा उजवा खांदा असा दुखावला, की तेव्हापासून हात डोक्याच्या वर म्हणून जात नाही. सदरा घालतानाही शालनवहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, बाही धरावी लागते. अशा माणसाने निवृत्तीनंतर गप घरी बसावं की नाही? पण याला शरणबसवअण्णा भेटले.

अण्णांची मार्केट यार्डात तुरीची आडत. जुनं घराणं; घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत जिभेवर साखर. त्यांच्या वडिलांनी, चनमल्लप्पांनी, हौसेनं घेतलेली एक विलायती स्पोर्ट्स कार गोदामात पोत्यांखाली मरून पडली होती. हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, वरचा टप उघडणारी. सीटमध्ये उंदरांचा सुखाचा संसार चालला होता. अण्णांनी भीमाला बोलावून ती दाखवली आणि उभी करशील का म्हणून विचारलं. भीमाने तिथल्या तिथे होकार दिला, वर मजुरी नको म्हणाला. असली गाडी हाताखाली येतेय, हेच त्याला पुष्कळ होतं.

अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शब्द दिला, "ही गाडी माझ्या घरातनं कधी जाणार नाही बघ. अन् तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तिला लागणार नाही."

तेवढ्या शब्दावर भीमाने कित्येक वर्षांचे, यार्ड बंद असायचं ते रविवार त्या गोदामात घातले. एकेक नट रॉकेलमध्ये बुडवून सोडवला. बार्शीतल्या भंगारवाल्यांकडे दिवस काढले. मिळाला नाही तो भाग लेथवर करून घेतला. गाडी सुरू झाली तेव्हा तो माझ्या दुकानात पेढे घेऊन आला होता, जणू सून बाळंत झाली. घरचा मिक्सर मात्र बंद पडून होता तो होताच. शालनवहिनी म्हणायच्या, त्या माणसाला तुमची किंमत न्हाय, फुकट मिळतंय म्हणून गोड बोलतंय. वर्षातून एकदा, दसऱ्याला सकाळी अण्णांकडे गाडीची पूजा झाली की संध्याकाळी भीमा वहिनींना शेजारी बसवून धम्मचक्र दिनाला विहारात न्यायचा. सगळी गल्ली बघायला उभी असायची. वहिनी मिरवून घ्यायच्या आणि घरी येऊन सांगायच्या, गाडी चांगली हाय, मालक न्हाय.

आता त्या गाडीची एक खोड सांगायला हवी. तिचा ऑइल फिल्टर इंजिनाच्या मागच्या अंगाला, अगदी खालच्या सांदीत. बदलायचा तर गाडीखाली झोपायचं आणि हात वर घालायचा. सैल केला रे केला, की आतलं काळं तेल मनगटावरून सरळ बगलेत. भीमा डाव्या हाताने उजवा हात वर ढकलायचा, दात-ओठ खायचा आणि बदलायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू देईल तर शपथ. नंतर दोन दिवस खांदा शेकत बसायचा.

परवाच्या दिवाळीनंतर एका रविवारी अण्णा त्याला म्हणाले, भीमा, तुझा खांदा मला बघवत नाही. तो फिल्टर तिथून उचलून पुढे आणू, रेडिएटरच्या बाजूला. उभ्या उभ्या बदलता आला पाहिजे तुला. सामान मी मागवतो.

भीमा हे सांगायला तडक माझ्याकडे आला. "माज्या खांद्यासाठी रं," तो म्हणाला. "वडलांच्या गाडीच्या इंजिनात बदल कराया निघाला माणूस." मग त्याने हे विहारात सांगितलं, डेपोच्या टपरीवर सांगितलं, मंगळवेढ्याच्या मेव्हण्याला फोन करून सांगितलं.  शालनवहिनी ऐकून म्हणाल्या, माझंच चुकलं असंल मग. त्या दिवशी भीमाने मिक्सरही दुरुस्त केला.

पार्सल आलं. फिल्टरच्या जुन्या जागी बसवायची एक चकती, पुढे फिल्टर धरायचा दांडगा ब्रॅकेट, आणि दोघांना जोडणारे दोन पाइप. एकातून तेल फिल्टरकडे जाणार, दुसऱ्यातून परत येणार. पाइप आखूड होते, म्हणून काम माझ्याकडे आलं. भीमाने इंजिनाच्या कडेने सुतळी फिरवून माप घेतलं. मी कापायला लागलो तर थांबवलं. इंजिन सुरू करताना केवढं हलतं ते आधी बघितलं आणि मग सुतळीला दोन बोटं जास्त धरली. ताणलेला पाइप अन् ताणलेलं माणूस कधीतरी फुटतंच, म्हणाला. येणारा-जाणारा पाइप उलटा लागू नये म्हणून एकाला त्याने वहिनींची लाल रिबन बांधली. मी हसलो, पण माझ्या अख्ख्या धंद्यात इतक्या मायेनं कुणी पाइप बसवलेले मी पाहिलेले नाहीत.

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा तोंडावर आली होती तेव्हा काम पुरं झालं. पाइप गळतात का ते बघायला मीही गेलो. भीमाने नवा फिल्टर तेलाने भरून हाताने आवळला. स्पार्क प्लग काढून ठेवले आणि नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवलं, म्हणजे तेल सगळीकडे पोचायच्या आत इंजिन सुरू व्हायला नको. डॅशबोर्डवरची तेलाच्या दाबाची सुई उचलली गेल्यावरच प्लग लावले. गाडी सुरू झाली. एक थेंब गळाला नाही. मी पाठ थोपटली तर लाजला.

तेवढ्यात अण्णा एका पाहुण्याला घेऊन आले. पुण्याचे आहेत, जुन्या गाड्यांचे शौकीन, एवढंच सांगितलं आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले. पाहुणा भला माणूस. त्याने बॉनेटमध्ये वाकून आधी फिल्टरच बघितला, पाइप हलवून पाहिले आणि खूश होऊन भीमाला म्हणाला, "झकास काम केलंत. मी अण्णांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, फिल्टर पुढे आणल्याशिवाय गाडी नेणार नाही. म्हणून तर सामानही मीच पाठवलं. आमच्याकडचा मेकॅनिक खाली झोपून काम करत नाही हो."

"कुटं नेणार?" भीमाने विचारलं.

पाहुणा गोंधळला. पुण्याला, म्हणाला. व्यवहार तर दिवाळीतच झालाय, अण्णा बोलले नाहीत का?

भीमा फडक्याने हात पुसायला लागला. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला. मला इतका संताप आला की कानशिलं तापली. गाडी ज्याची त्याची, त्याने विकावी नाहीतर विहिरीत ढकलावी. पण शब्द? आणि तो खांदा?

अण्णा फोन खिशात घालत आत आले. भीमा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. "गाडी तुमची हाय अण्णा. इका न्हायतर ठेवा. पण माज्या खांद्याचं कशापाई सांगितलं?"

अण्णांनी क्षणभर पाहुण्याकडे बघितलं. मग हसले आणि त्याच सवयीने भीमाच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, नुसतं फिल्टर हलव म्हटलं असतं, तर तू एवढ्या मनापासून केलं असतंस का?"

हे ते वाईट वाटून म्हणाले असते तरी मी समजलो असतो. ते कौतुकाने म्हणाले.

जोड आवळायला घेतलेला पाना माझ्याच हातात होता. एका जोडाला अर्धा आटा सैल केला असता, तर पुणं दूर राहिलं, वाटेतल्या टेंभुर्णीच्या आत इंजिन बसलं असतं. मी वाकलोसुद्धा. भीमाने पाना माझ्या हातातून काढून घेतला आणि हळूच म्हणाला, "गाडीनं काय केलंय?"

मग त्याने पाहुण्याला सगळं समजावून दिलं. थंडीत चोक किती ओढायचा, फिल्टर हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही, पाइप अधूनमधून चाचपायचे, लाल रिबनचा पाइप कोणता. बॉनेट लावलं आणि चालायला लागला. रिक्षा मागवतो म्हणून अण्णांनी हाक मारली, ती ऐकू आली नाही असं त्याने दाखवलं. 

पंधरवड्याने तो दुकानात आला. हातात स्टीलचा डबा. डब्यात शेंगाची चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटलेली. माझ्यापुढे ठेवून म्हणाला, तू खा. वहिनींनी पाठवली का, म्हणून मी विचारलं. पाठवली होती, पण अण्णांसाठी. गाडी गेली ती त्यांची काहीतरी अडचण असंल, पण जाता जाता तुमच्या खांद्याचा इचार केला त्या माणसानं, असं म्हणून त्यांनी स्वतः कुटून दिली होती.

मी भडकलो. त्याला म्हटलं, अजून सांगितलं नाहीस तिला? आज सांग, नाहीतर मी येऊन सांगतो.

भीमा बाकावर बसला. "ती इतकी वरसं सांगत हुती, त्या माणसाला तुमची किंमत न्हाय," तो म्हणाला. "मी दर डाव तिलाच गप केलं. आता कुटं तिला पटलंय की माजं बी कुणीतरी काय केलं. ते कसं काढून घिऊ तिच्याकडनं?"

 मी डबा घरी नेला, रिकामा केला, धुऊन त्याला परत दिला. अण्णांना चटणी आवडली, असं भीमाने घरी सांगितलं. शालनवहिनींना बरं वाटलं, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी डबा परत भरून दिला.