भरतीला लावलेली फळी

निवृत्तीनंतर शाळेच्या वाहतूक समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. मी त्याच शाळेचा मुख्याध्यापक होतो, एवढीच पात्रता. काम एकच होते: खाडीकाठच्या आमच्या गावातील मुले म्हसळ्याच्या शाळेत पोहोचवणे.

त्यांपैकी नववीतली एक मुलगी चाकांच्या खुर्चीत बसे. बसचा चालक तिला रोज उचलून पुढच्या आसनावर ठेवी आणि खुर्ची टपावर बांधी. पुढे नियम आला. दिव्यांग विद्यार्थ्याला उचलून चढवू नये. खुर्चीसह चढता येईल अशी सोय बसला असावी. नियम योग्यच होता. त्याचा पहिला परिणाम असा झाला की बस शाळेत जात राहिली आणि मुलगी घरी राहिली. महिना उलटला. तिचे वर्ष वाया जाण्याची वेळ आली.

मी तीन अर्ज केले. तिच्या आजोबांनी एक फळी केली. ते होड्या बांधत. फळी सागवानी होती, तिला तेलपाणी केलेले होते आणि दोन्ही बाजूंस, होडीच्या नाळेवर काढतात तसा, एकेक डोळा रंगवलेला होता.

"आजोबा, ही बस हाय, होडी न्हाय," चालक म्हणाला.

"म्हणून तर नांगर दिला न्हाय."

तपासणी अधिकारी सकाळी दहाला आले. आजोबा फळीवर बसून होते.

"फळी लावून दाखवा," अधिकारी म्हणाले.

"भरती लागली की लावू. नवी फळी ओहोटीला लावत न्हाय."

"भरती कधी लागते?"

"सव्वा अकरा."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खाडीकडे पाहिले. या बाबतीत आजोबांशी वाद घालणारा मनुष्य आमच्या गावात झालेला नाही.

सव्वा अकराला नारळ फुटला, फळी बसच्या दाराला लागली. अधिकाऱ्यांनी मोजमाप घेऊन मान हलवली. उतार फार होता. खुर्ची चढण्याऐवजी मागे घसरली असती. आजोबांनी जन्मभर धक्क्यावरून होडीत जाणाऱ्या फळ्या केल्या होत्या. जमिनीवरून चढायचे असते, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

"अजून लांब करा," अधिकारी म्हणाले.

"लांब केली तर दुसरं टोक शेजाऱ्याच्या पडवीत जाईल," चालक म्हणाला.

तेव्हा बसशेजारी खुर्चीत थांबलेली ती मुलगी म्हणाली, "साहेब, गाडी लिलावाच्या ओट्याला लावा ना. आई मासळी तिथूनच टेम्पोत भरते."

ओटा टेम्पोच्या उंचीचा होता. मागील बाजूस हातगाडीसाठी लांब, सौम्य उतारही होता. एवढी वर्षे मी तेथून कोळंबी नेत होतो. मला सुचले नव्हते.

चालकाने बस होडीसारखी ओट्याला भिडवली. फळी सपाट बसली. अधिकाऱ्यांनी पुन्हा मोजले आणि सही केली. कोळणींनी पाट्या मागे सारल्या. मुलीने स्वतःच्या हातांनी चाके फिरवली व ती आत गेली. मी मदतीस पुढे केलेला हात तिने पाहिला नाही. तो मी खिशात घातला.

आता सर्वच मुले ओट्यावरून चढतात. वर्गात बोंबलाचा वास येतो, अशी शाळेची तक्रार आहे. ती मी फायलीस लावली आहे.

त्या दिवशी शाळेत पोहोचेपर्यंत मधली सुट्टी संपली होती. वर्गशिक्षिकांनी उशिराचे कारण लेखी मागितले. समितीचा अध्यक्ष म्हणून मी लिहिले, "समुद्राची ओहोटी." त्यांनी ते दोनदा वाचले आणि मुलीला पहिल्या बाकाशेजारी जागा करून दिली.