आईचं माहेरचं नाव

हैदराबादहून मुंबईची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, रात्रीपुरते पराठे आणि घडी घातलेला एक छापील तक्ता होता. तक्त्यात घराण्यातल्या माणसांची नावं भरायची होती. वडिलांकडच्या पाच पिढ्या मी भरल्या, पण आईच्या चौकटीशी पेन अडलं. तिथे बाईचं माहेरचं नाव लागतं. मला ठाऊक होतं ते ‘सुमन’, म्हणजे लग्नात आजीनं ठेवलेलं. आई मी दोन वर्षांची असताना गेली, वडील गेल्या वर्षी गेले, आणि विचारायचं राहूनच गेलं. मराठी शिकवणाऱ्या बाईला आईचं नाव माहीत नाही, याचा मला मनस्वी राग आला होता, आणि तो स्वतःचाच.

आता सांगूनच टाकते. मी मॉर्मन आहे, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका पंथाची, आठ वर्षं झाली. ‘बाटली’ हा शब्द पाठीमागून इतक्यांदा ऐकलाय की हल्ली मी मान वळवायचेही कष्ट घेत नाही. आम्ही दारू, तंबाखू, चहा, कॉफी घेत नाही. रविवारी खरेदी-विक्री करत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं अन्नपाणी सोडतो आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंना देतो. मरणानं कुटुंब तुटत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून गेलेल्या माणसाच्या वतीनं एखादा जिवंत माणूस मंदिरात पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो. ते मंदिर परदेशात आहे, तिथे नाव पाठवावं लागतं. हसायचं असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं, कारण पुढे मला थांबायला वेळ नाही.

मुंबईहून पॅसेंजरनं शनिवारी दुपारी बोईसरला उतरले. औषधी गोळी जिभेवर विरघळावी तसा हवेला वास होता. स्टेशनावर दामूकाका उभे होते. तारापूरला मोठं बांधकाम चालू होतं तेव्हा वडील आणि ते दोघं तिथे फिटर होते. वडील आईला घेऊन हैदराबादला गेले, काका इथे बोईसरजवळ सरावलीतच राहिले. त्यांनी हसत हसत चहाचा कप पुढे केला, मी नको म्हटलं आणि त्यांचं हसू मावळलं. दोन कप त्यांनीच प्यायले.

आईचं माहेरचं नाव काकांनाही ठाऊक नव्हतं, ते तिला वहिनीच म्हणत. पण समुद्रकाठच्या नवापूरला आईची थोरली बहीण आणि भाऊ आहेत, काकांनी त्यांना निरोप धाडला होता. मामाची होडी रविवारी किनाऱ्याला असणार होती आणि सोमवारी दुपारी मला परतायचं होतं. म्हणजे रविवारच उरला, आणि तोही नेमका महिन्यातला पहिला.

“रिक्षा करून देतो,” काका म्हणाले.

“रविवारी नको, काका. चालत जाईन.”

“उपाशी? पाणीही न पिता? अगं, इथे कंपनीला रविवार नसतो, तुझा कसला?”

“माझा माझ्यापुरता.”

नियम पाळायला माझ्यामागे कुणी काठी घेऊन उभं नव्हतं. आमच्यातल्याच एखादीनं बस पकडली असती आणि देव काही रागावला नसता. पण मी हट्टानं चालले. अर्ध्या वाटेवर देवानं की रस्त्यानं, माझी चप्पल तोडली. वडाखाली एक चांभारदादा बसले होते. “बहनजी, दो मिनट का काम है,” ते म्हणाले. मी आज नको म्हटलं. पैशांचं कारण असावं असं समजून त्यांनी फुकट शिवून द्यायची तयारी दाखवली. मला भयंकर लाज वाटली. शेवटी त्यांनी सुतळीचा तुकडा दिला आणि तो मी माझ्या हातांनी बांधला. नवापूरच्या अलीकडे तोही तुटला.

गावात शिरताना बांबूच्या मांडवांवर ओळीनं बोंबील लटकत होते. मावशी अंगणात सुकट (वाळवलेला जवळा) पाखडत बसली होती. तिनं आधी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“बापावं गेलीस,” ती म्हणाली. तो आरोप होता.

आत सरंग्याचं (पापलेटचं) कालवण उकळत होतं. माझ्यासाठी मुद्दाम केलेलं. उपास आहे म्हटल्यावर तिला बरंच वाटलं, कारण उपासाचा मान ती राखते. झटक्यात चहाचं आधण ठेवलं.

“मावशी, चहाही नको. पाणीही नको.”

“उपासाला चहा चालतो की! चहा कंच्या देवाला चालत नाय?”

मी सांगितलं. मामा जाळं विणत बसला होता, त्याचे हात थांबले. मग मी का आले तेही सांगितलं.

“मंजे आमची मेलेली मानसं पन बाटवनार तू?” मामा उठला. “ती पळून गेली त्या दिशी बापानं सांगितलं, या घरात तिचं नाव घ्याचं नाय. तीस वर्सं कोनी घेतलं नाय. नाव बी तिच्यासंगं गेलं.”

“तिला कुणी जबरदस्ती करत नाही, मामा. तिकडे, परलोकात, तिला विचारतात. तिला नको असेल तर ती नको म्हणेल.”

“नकोच म्हनंल ती!”

“म्हणू दे. पण विचारायला नाव तर हवं!”

हे मी ओरडून म्हटलं. पाहुणी म्हणून गेलेल्या घरात ओरडणं शोभत नाही, कबूल. पण मी मागत काय होते? जमीन नाही, होडी नाही, एक शब्द फक्त.

दिवस कलला. माझा उपास सुटायची वेळ झाली तशी मावशीनं पुन्हा कप आणून समोर ठेवला. आलं घातलेला, दाट. “तुज्या आयच्या (आईच्या) घरचा चहा हाय. पी, मी नाव सांगते.”

खरं सांगते, घसा कोरडा पडला होता आणि हात पुढे गेला होता. एका घोटानं कोण मरतं? कुणाला कळणार होतं? पण एका कपासाठी वाकले असते, तर त्या नावापुढे मी कुठल्या तोंडानं उभी राहिले असते? मी कप मागे सारला, तांब्यातलं पाणी मागून घेतलं आणि भात-कालवण जेवले. मावशीनं चहाचा कप उचलून नेला. अंधार पडायच्या आत मी अनवाणी परतीच्या वाटेला लागले, आणि सरावलीपर्यंत रडले. कोरी चौकट घेऊन परतायचं होतं.

सोमवारी सकाळी आधी त्या चांभारदादांकडे गेले आणि चप्पल शिवून घेतली. मग काकांसाठी सुके बोंबील घ्यायला बोईसरच्या बाजारात शिरले, तर टोपल्या मांडून मावशी बसलेली. मी वळणार तेवढ्यात तिनं हाक मारली.

“बस हितं. तुजे पाय दाखव.”

दाखवले. फोड आले होते. तिनं त्यांवरून अंगठा फिरवला.

“बापानं तिला खोलीत कोंडली होती. तीन दिस. मी ताट सरकवायची, ती परत ढकलायची. पानी बी नाय घेतलं. चवथ्या दिशी मी कडी काडली.” तिनं इकडेतिकडे पाहिलं. “घरात कोनाला ठावं नाय.”

मी तिचा हात धरला.

“खरंच विचारतात तिला? का आपलं वरवर?”

“खरंच. तिच्या मनावर आहे.”

“मंग ठीक. तिला आजवर कोनी कायच विचारलं नाय.” आणि मावशी टोपल्यांमधून उठून उभी राहिली. कानात सांगेल म्हणून मी पुढे वाकले. तिनं भर बाजारात, गिऱ्हाइकांना हाळी घालायच्या आवाजात सांगितलं, “चांगुणा! माज्या बहिनीचं नाव चांगुणा!”

शेजारच्या कोळणी बघत राहिल्या. एकीनं विचारलं, “कोन गो चांगुणा?” मावशी म्हणाली, “हिची आय,” आणि मला बोंबील बांधून दिले.

हैदराबादला परतून आता आठवडा झाला. तक्ता भरून टपालात टाकलाय. मामाला पत्र लिहून तसं कळवलंही, चोरून काही करायचं नव्हतं. मावशीच्या कडीचं मात्र त्यात लिहिलं नाही. इथे आमच्या मराठी मंडळात ऐकल्यावर दोघीतिघींनी तोंडं वाकडी केली. “मेलेल्या बाईला कशाला त्रास? तिला हे आवडलं नसतं,” असंही ऐकवून झालं.

नसेल आवडत तर आई तसं सांगेल. तिच्या वतीनं नको म्हणायचा मान तिच्या बापानं घेतला, भावानं घेतला. आता आणखी कुणी घ्यायचा नाही. मीसुद्धा नाही.