वहिनींनी भर मांडवात सांगितलं

चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या सगळ्या कंपन्यांचे भोंगे एकदम वाजले, तरी आमच्या थोरल्या वहिनींच्या एका वाक्याची सर त्यांना यायची नाही. हे मी अभिमानानं सांगतो, कारण ते वाक्य भर मांडवात माझ्याच तोंडावर आदळलं होतं.

वहिनी खेडकडच्या. आवाज माझ्या भावाच्या दुप्पट. पण त्यांच्या काही तऱ्हा कुणाला उलगडायच्या नाहीत. खोकला आला की रंगात आलेलं भांडण सोडून दाराची चौकट धरायच्या. लग्नाला जायचं असलं की सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. माहेर एसटीनं तासाभरावर, पण गाडी लागते म्हणत वर्षानुवर्षं तिकडे फिरकल्या नाहीत. आणि मी विनोद सांगायला लागलो की उठून थेट स्वयंपाकघरात! शिफ्ट संपवून आलेली अख्खी चाळ माझ्या नकलांवर लोळायची, आणि घरची ही एकच बाई भाजी करपल्याचं निमित्त काढायची. भाजी चढवलेलीसुद्धा नसायची. माझ्यासारख्या स्वयंघोषित कलावंताला हे झोंबणारच.

आणीबाणी उठल्यानंतरच्या गणपतीत मी आमच्या कंपनीतल्या साहेबाची नक्कल बसवली आणि वहिनींना मुद्दाम पहिल्या रांगेत, दोन ऐसपैस शेजारणींच्या मधे बसवलं. सुटायला वाटच नाही! साहेबाचा टाय मशीनमध्ये अडकतो तिथे हशानं मांडव गडगडला, आणि वहिनी ओठ दाबून, शेजारणीचे गुडघे तुडवत निघाल्या. मी गप्प बसावं की नाही? स्टेजवरून ओरडलो, "वहिनी, आज कुठली भाजी करपली?"

त्या वळल्या. "भावजी, हसलं की अंग भाईर येतं माजं. धाकटा झाला तवापासनं. लुगडं वल्लं व्हतं. आता सांगा, कंच्या भाजीचं नाव घेऊ?"

भाऊ चपला शोधायला लागला. मी गळ्यात टाय घेऊन उभा, पुढचं सगळं विसरलेला. तेवढ्यात पहिल्या रांगेतली शेजारीण पुटपुटली, "मला बी हाय गं ते." मागून आणखी एकजण म्हणाली, "मला वाटलं, मलाच."

पुढच्याच आठवड्यात वहिनी त्या दोघींना घेऊन पुण्याच्या सरकारी दवाखान्यात. शेजारणीला डॉक्टरीणबाईंनी खाली सरकलेल्या गर्भपिशवीला आतून आधार द्यायला रिंग बसवली, वहिनींचं ऑपरेशन ठरलं. "इतके दिवस अंगावर का काढलंत?" बाई रागावल्या. वहिनी म्हणाल्या, "सांगायचं कुनाला? घरात समदे गडी."

ऑपरेशननंतर जड उचलायला बंदी. भाऊ नळावर हंडे घेऊन उभा राहिला. "काय राव, बदली झाली का?" लोक विचारायचे. तो तोंड उघडायच्या आत वहिनी उंबऱ्यावरून ओरडायच्या, "व्हय, कायमची!"

पुढच्या गणपतीत त्यांनी माझी नक्कल शेवटपर्यंत बसून पाहिली. एकदाही हसल्या नाहीत. घरी येताना म्हणाल्या, "भावजी, इतकी वर्सं मी उगाच भ्याले."

दिवाळीत मी त्यांना माहेरी सोडायला गेलो. गाडी खड्ड्यात आदळली, वहिनींचा हात सवयीनं पोटाकडे गेला आणि मधेच थांबला. मग त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. अंगणात म्हातारी आई वाट पाहत होती. दोघी बोलता बोलता कसल्याशा जुन्या आठवणीवर हसायला लागल्या. वहिनी कमरेत वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्यांना असं हसवणं मला कधी जमलं नव्हतं. आणि एकाएकी म्हातारी गप्प झाली, पाय आवळून जोत्यावर टेकली.

वहिनींचं हसू विरलं. "आये, कवापासनं?"

"तू झालीस तवापासनं."

वहिनी तिच्याजवळ बसल्या. तिचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भावजी, सकाळच्या गाडीची तिकिटं तीन काढा."