काळ्या सायकलची ओळख

सायकलचोरीची तक्रार पोलीस ठाण्यात कुणी फार मनावर घेत नाही, हे आधीच मान्य करतो. खून, दरोडे, दंगली असं बरंच काही नोकरीत पाहिलं. निवृत्तीनंतर त्यातलं बहुतेक पुसट झालं. सोलापुरातल्या एका जुन्या सायकलचा गुन्हा मात्र अजून जसाच्या तसा समोर उभा राहतो.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदारासमोर एक म्हातारा उभा होता. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घराण्यातला, यंत्रमाग सुटल्यावर घरी बसलेला. बायको विड्या वळायची. जमिनीवर बसून बसून तिचे दोन्ही गुडघे गेले होते. रोज तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून विडी कारखान्यात न्यायचं, माल देऊन पान-तंबाखू घेऊन परत आणायचं, हे त्याचं काम. ती सायकल दारातून गेली होती.

"किंमत काय लिहू, मामा?" अंमलदाराने विचारलं.

"किंमत कसली हो? बापाची सायकल हाय. भंगारवाला तीनशेबी देणार न्हाय."

"मग तक्रार कशाला?"

"बायको उचलून न्यायची का डोक्यावर?"

अंमलदार हसला. मी त्याला गुन्हा नोंदवायला सांगितलं, कारण त्या काही आठवड्यांत जुन्या सायकली गेल्याच्या आणखी तक्रारी होत्या. एक दूधवाल्याची, एक वैरागच्या शिंप्याची. नव्या गिअरच्या सायकली शेजारी उभ्या असताना चोर गंजलेली नेतो, ही गोष्ट मला खटकली.

जबाब मी स्वतः घेतला. अशा वेळी खुणा क्रमाने विचारायच्या, ही माझी सवय. रंग काळा. दर दसऱ्याला सायकल धुऊन काळ्या ऑइलपेंटचा एक हात द्यायचा, मग हळदकुंकू आणि झेंडू. आधी बाप देत होता, नंतर हा. कॅरिअर लोहाराकडून मुद्दाम रुंद करून घेतलेलं. सीटवर जुन्या चादरीचा तुकडा शिवलेला. मागचं मडगार्ड उजवीकडे चेपलेलं. पावती नाही. फ्रेमचा नंबर माहीत नाही. तो पेंटखाली कधीच गडप झाला होता. चार पक्क्या खुणा मिळाल्या म्हणून मी समाधानी होतो.

पहिली खबर एका सायकल दुरुस्तीवाल्या चाचाने दिली. त्याच्या दुकानावर आमचे हवालदार पंक्चर काढायला थांबायचे.

"एक छोकरा आताय, साब," तो म्हणाला. "पुरानी विलायती सायकल किधर हाय पूछताय. नवी दिखायी तो नको बोलताय. मैं बोला, बाबा, जंग चाटनेकू होना क्या?"

चाचाने सांगितलेल्या वर्णनावरून त्या पोराला आम्ही कुर्डुवाडी स्टेशनवर पकडलं. वय पंचविशीचं, पूर्वी सायकलच्याच दुकानात कामाला. पुण्याच्या गाडीची वाट बघत होता आणि शेजारी पोत्यात गुंडाळलेलं एक हँडल होतं. चौकशीत मी त्याला कुणालाही हात लावू दिला नाही. चहा दिला आणि बाजारभाव विचारला. माणूस गुन्ह्याबद्दल तोंड मिटून बसतो, पण स्वतःच्या धंद्यातली हुशारी सांगायची संधी सोडत नाही, हा माझा अनुभव.

तो बोलत सुटला. जुन्या विलायती सायकलींचा शौक करणारे वाढलेत. फोनवर त्यांचे ग्रुप आहेत, फोटो टाकला की बोली सुरू. हॉटेलवाले भिंतीवर टांगायला घेतात, लग्नाआधीचे फोटो काढणारे भाड्याने नेतात. कार्बाइडचा दिवा, चामड्याची सीट, पुढचा पितळी बिल्ला यांना वेगळा भाव. दोन वर्षांपूर्वी जी सायकल चार-पाच हजारांत जायची, तिला आता चांगल्या जुन्या मोटारसायकलची किंमत येते.

"पण कंपनीचा मूळ रंग पाहिजे, साहेब. वरनं कुणी रंगवली असली की भाव पडतो."

"विणकराची तर काळी रंगवलेली होती. ती का उचललीस?"

"सीटखाली नखानं खरवडून बघितलं की. आत हिरवी होती. सोनेरी रेघा तशाच. लई थर होते म्हणून तर टिकल्या. पुण्याच्या शेठनं आठवडाभर बसून काळा काढला."

त्याच्या निवेदनावरून पंचनामा करून आम्ही पुण्यातल्या व्यापाऱ्याच्या गोदामातून ती सायकल जप्त केली. गडद हिरवी, सोनेरी रेघांची, आरशासारखी. मडगार्ड नवं, सीट चामड्याची, कॅरिअर काढलेलं. माझ्या जबाबातली एकही खूण तिच्यावर उरली नव्हती. जुनं कॅरिअर शोधायला मी माणूस पाठवला. ते भंगारातून भट्टीत गेलं होतं. व्यापाऱ्याने कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावाची खरेदीपावती पुढे केली. दूधवाल्याच्या आणि शिंप्याच्या सायकलींचा माग लागला नाही.

सायकल मिळाल्याचा निरोप हवालदार म्हाताऱ्याच्या घरी देऊन आले. तेही घरी तेलुगूच बोलणारे. त्यांनी उत्साहात किंमतही सांगून टाकली. म्हातारीच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचा विषय त्या घरात खर्चामुळे केव्हाच बंद झाला होता, तो पुन्हा निघाला. दोघं डॉक्टरांना भेटूनही आली.

आता सगळं मुद्देमालाच्या ओळखीवर होतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. पाच सारख्या बनावटीच्या सायकली ओळीने लावायच्या, पंच आणि नायब तहसीलदारांसमोर फिर्यादीने आपली दाखवायची. आधी फिर्यादीला काही सांगितलं, की बचावाचा वकील पहिल्याच प्रश्नात ओळख उडवून लावतो.

आदल्या दिवशी हवालदार माझ्याकडे आले. "साहेब, एक शब्द सांगू का मामाला? मी नुसतं 'हिरवी' म्हणतो."

"नाही."

"साहेब, त्याचीच आहे हो."

"म्हणूनच नाही."

ओळखीच्या वेळी मी व्हरांड्यात थांबलो. खिडकीतून आतलं दिसत आणि ऐकू येत होतं. म्हातारा एकेका सायकलपाशी थांबत गेला. हिरवीपाशी जरा जास्त थांबला. घंटी वाजवून पाहिली. माझ्या मनात आलं, आता बोलेल.

"ह्यात माझी न्हाय," तो म्हणाला.

नायब तहसीलदार म्हणाले, "नीट बघा. घाई नाही."

"बघितलं की. माझी काळी हाय. ह्या सायबांच्या सायकली हायेत."

म्हातारी बाहेर पायरीवर पाय लांब करून बसली होती. त्याने जाऊन तिला सांगितलं, "मनदि कादु." मी हवालदारांकडे पाहिलं. "आपली नाही म्हणतोय," ते म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. भिंतीला धरून उठायला म्हातारीला बराच वेळ लागला.

पुढचं कागदोपत्रीच झालं. आरोपी सुटला. पावतीच्या आधारावर सायकल व्यापाऱ्याच्या ताब्यात द्यायचा आदेश आला. सही करताना तो हसून म्हणाला, "साहेब, तुमचे उपकारच झाले. कोर्टकचेरी झालेली सायकल म्हटल्यावर गिऱ्हाईक आणखी वर जातं."

प्रकरण मिटल्यावर बंधन उरलं नव्हतं. मी म्हाताऱ्याला बोलावून सगळं सांगितलं. काळ्या थरांखाली हिरवा रंग होता, तुझ्या वडिलांनी रंगवायला सुरुवात करण्याआधीचा. ज्या सायकलची घंटी वाजवलीस तीच तुझी. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माझीच समजूत काढावी तसा बोलला.

"साहेब, तुमी लई केलं. पण म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून असं सांगू नका. जलमभर वापरलेली सायकल मला वळखायला येणार न्हाय व्हय? दुसऱ्याची वस्तू माझी म्हणायला लावू नका."

हवालदारांनी तेलुगूतून सांगून पाहिलं. त्यांनाही तो हसला. नंतर मी ठाण्यातल्या लोकांकडून वर्गणी काढून त्याला एक सायकल देऊ केली. त्याने घेतली नाही. "माझी सापडंल की," म्हणाला. म्हातारीचं कारखान्यात जाणं तोवर बंद झालं होतं.

दर सोमवारी तो ठाण्यात यायचा. अंमलदाराला विचारायचा, "काळी सापडली का?" अंमलदार शोध चालू आहे म्हणायचा. दुसरं काय म्हणणार?

या प्रकरणात माझ्याकडून तपासाची एकही पायरी चुकली नाही. आज पुन्हा तीच फिर्याद आली तर मी पुन्हा त्याच क्रमाने जाईन आणि शेवट पुन्हा तोच होईल. प्रामाणिक माणूस आणि बिनचूक तपास एकत्र आले की न्याय होतो, असं मी नव्या शिपायांना शिकवत असे. त्या वर्षानंतर ते वाक्य मी वापरलं नाही. त्याच्या जागी दुसरं काही मला अजून सुचलेलं नाही.