एकतिसावा कैदी

बेल्जियमच्या एका विसरल्या गेलेल्या तुरुंगपटातलं जे रहस्य साऱ्या युरोपला उमगलं नाही, ते कळंबच्या आमच्या मामेसासऱ्यांना उमगलं. तेही फ्रेंचचं एक अक्षर न कळता. या माणसापुढं मी हात टेकले आहेत.

मामांची हयात तुरुंगात गेली. म्हणजे शिपाई म्हणून. निवृत्तीनंतर बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या भंगारात या कृष्णधवल चित्रपटाची कॅसेट त्यांना सापडली आणि माणूस कामातून गेला. खून, पाठलाग यांत त्यांना रस नाही. कैदी रांगेत उभे राहिले की मामा ताठ बसून बोटानं मोजू लागतात. मामी चहा घेऊन आड आल्या, तर कॅसेट मागं नेऊन पुन्हा पहिल्यापासून. "सकाळच्या गिनतीला एकतीस, सांजच्याला तीस," ते मला म्हणाले. "जावईबापू, त्यो म्हातारा कैदी कुठं गेला?"

"नट जेवायला गेला असेल, मामा."

"एक कमी म्हंजे पळाला, न्हाय तर मेला. अन् ह्याच्यानं पळवत न्हाय. गिनती जुळल्याबगर आमी कधी घरी गेलो न्हाय!"

त्या काळजीनं मामांचं जेवण तुटलं, तेव्हा मी इंटरनेट धुंडाळलं. हा चित्रपट जमवणारे पाच-पंचवीस वेडे जगात निघाले. कुणी जर्मन प्रत जपतो, कुणी फाटकं पोस्टर. मी पाठवलेला मामांचा प्रश्न वाचून आधी सगळे हसले, मग सगळ्यांनी मोजलं. तीसच! फक्त बेल्जियममधल्याच अँटवर्पच्या एका आजोबांच्या प्रतीत चार मिनिटं जास्तीची निघाली. त्यांना वाटत होतं, ती सगळ्यांकडंच असतात.

आजोबांनी पाठवलेली डिस्क आली त्या दिवशी मामांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. "मेला नसंल ना हो?" एवढंच विचारलं. पडद्यावर फाटक उघडलं आणि म्हातारा गाठोडं घेऊन बाहेर आला. "सोडला त्याला!" मामा ओरडले. मामींनी साखर वाटली. पण न्यायला कुणीच आलं नव्हतं. तो रस्त्याकडेला गाडीची वाट बघत राहिला आणि प्रसंग तिथंच संपला.

मामांनी हातातली साखर बशीत परत ठेवली. मग म्हणाले, "असे लई जण सोडले म्या. फाटक लावलं की मागं बघायचं नसतं. ह्याला गाडी घावली का न्हाय, तेवढं इचारा की त्यांना."

गाडी आलेली कुठल्याच प्रतीत नाही, हे अँटवर्पच्या आजोबांनी मला कधीच कळवलंय. मामांना मी ते सांगितलेलं नाही. दर महिन्याला मामा आजोबांसाठी नवं पत्र सांगतात आणि मी मुकाट्यानं लिहून घेतो.