खिडकीचं ज्ञान

एसी सुरू केला की मला तो मेकॅनिक आठवतो. नाव विचारायचं राहूनच गेलं. लाखांदूरच्या आमच्या घरी आला तेव्हा दारातच म्हणाला, "कूलर लय बसवले, काकू. एसीचा कोर्स आत्ताच केला. तुमचाच पहिला."

आई घाबरली. पण त्याने काम इतकं नेटकं केलं की तिची भीती गेली. एसी सुरू करून त्याने, कूलरला लागते तशी, सवयीने खिडकी सताड उघडली आणि खुर्चीत ऐटीत बसला.

अर्धा तास झाला तरी खोली थंड होईना. त्याने जाळी काढून पुसली, गॅस तपासायला गच्चीवर गेला. तेवढ्यात आईने हळूच खिडकी लावली.

बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन तो खाली आला, तर खोली गार. त्याने एसीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. आई चहा गाळत होती.

"नवी मशीन हाये, लाजून राहिली होती," तो म्हणाला.

"हो ना," आई म्हणाली.

जाताना त्याने बजावलं, "सर्विसिंगले मलेच बोलवा, काकू. बाकीच्यायले खिडकीचं समजत नाही."