विसर्जनानंतरचं अपील

हळदीच्या पानात वाफवलेल्या पातोळ्यांचा वास आला, की बाबांचं हुकलेलं अपील आठवतं. आंब्याच्या बागेचा निकाल तालुक्याच्या कोर्टात काकांच्या बाजूने लागला होता आणि रत्नागिरीला अपील करायला तीसच दिवस होते. पण घरचा गणपती दोघा भावांचा एकच. "एकत्र आरती करायची आणि भावावर अपील घालायचं? विसर्जन होऊ दे," बाबा म्हणाले. तेवढ्यात मुदत टळली. उशिराचं कारण म्हणून आजारपण सांगा, असं वकिलांनी सुचवलं, तर बाबा म्हणाले, "रोज त्याच्याशेजारी आरतीला उभा होतो. त्याच्यासमोर खोटं कसं बोलू?" बाग गेली. यंदा बाबा नाहीत. आरतीचं तबक माझ्या हातात देताना काका हळूच म्हणाले, "मुदत संपत्येय हे मला ठाऊक होतं रे."